रेडिओ गेला!

रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं जिथे उडतात अशा कुठल्याही मैदानावर तासभर उभं राहिलं, तर एक वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. विमान वळायला हवं तिथे वळत नाही, नाक खाली घालतं, पलीकडच्या शेतात ‘खाड्’ असा आवाज होतो आणि उडवणारा माणूस हातातल्या ट्रान्समीटरकडे बघत म्हणतो, “रेडिओ गेला!” आजूबाजूचे लोक ‘अरेरे’ म्हणतात. त्यातले निम्मे मनातल्या मनात म्हणत असतात, रेडिओ कसला जातोय, बोटं चुकली.

हे वाक्य आता नव्वदीला टेकलं आहे. कधी ते पूर्ण खरं होतं, कधी सपशेल खोटं, आणि ज्या ज्या काळात ते खरं होतं त्या त्या काळात त्यामागचं कारण वेगळं होतं. मला या लेखात त्या कारणांचा इतिहास सांगायचा आहे. शोधांचे इतिहास आपण पुष्कळ वाचतो. अमक्याने तमकं शोधलं, की पान उलटलं. बिघाडांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते यंत्र खरं कळतं ते तिथेच.

यात पणाला काय लागलेलं असतं? एक म्हणजे कुणाच्या तरी दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी. बाल्साच्या पातळ पट्ट्या कापून, चिकटवून, घासून केलेलं विमान तीन सेकंदांत काड्यापेटीतल्या काड्यांसारखं होतं. पण दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पाच किलोचं विमान ताशी शंभर किलोमीटर वेगाने जातंय, पुढे पंखा फिरतोय आणि ते कुणाचंच ऐकत नाही, अशा वेळी ते खेळणं उरत नाही. कारण चुकीचं ठरवलं, तर पुढचं विमान त्याच कारणाने पडतं, आणि तेव्हा खाली शेतच असेल असं नाही. त्यातून पुरावा बहुतेक वेळा पडण्यातच नष्ट झालेला असतो. तुटलेली तार आधी तुटली म्हणून विमान पडलं, की विमान पडलं म्हणून तार तुटली?

* * *

सुरुवात विमानाने नाही, होडीने झाली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या उपकरणांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि कुठलीही तार न जोडता ती वळवून, थांबवून, तिचे दिवे लावून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला त्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९५ साली, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी लांबवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. दुरून हुकूम सोडायचा आणि तिकडे काहीतरी घडायचं, हे दोन्हींत समान.

त्या काळी लहर ओळखणारं उपकरण होतं कोहेरर. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला. लहर आली की कीस एकमेकाला चिकटायचा आणि त्यातून वीज वाहू लागायची. अडचण अशी, की चिकटलेला कीस आपणहून सुटायचा नाही. पुढचा संदेश ऐकायचा तर नळीला टिचकी मारावी लागे. टेस्लाने त्यासाठी नळीच फिरवायची युक्ती केली. बोस यांनी १८९९ साली लोखंड आणि पारा वापरलेला, आपोआप पूर्वपदावर येणारा प्रकार मांडला. हौदातल्या शांत होडीत हे सगळं ठीक होतं. थरथरणाऱ्या इंजिनाजवळ असा कीस ठेवला असता, तर प्रत्येक हादरा ही त्याच्यासाठी एक टिचकीच ठरली असती.

आणि कोहेरर कुणाचंही ऐकायचा. लहर टेस्लाची की शेजारच्या प्रयोगशाळेतली, हे त्याला कळत नसे. टेस्लाला हे फार लवकर लक्षात आलं होतं. १९०३ साली त्याला मिळालेल्या दोन पेटंटांत कल्पना अशी आहे, की दोन वेगवेगळ्या वारंवारता एकाच वेळी आल्या तरच यंत्राने हालचाल करावी. एका कुलपाला दोन किल्ल्या. ही कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे भलत्याच वेषात परत येणार आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आर्चिबाल्ड लो यांनी रेडिओवर चालणारं वैमानिकरहित विमान बनवलं, मार्च १९१७ मध्ये ते उडवून दाखवलं. ते लवकरच पडलं, पण कारण रेडिओ नव्हता, इंजिन बंद पडलं होतं. हा तपशील मला फार आवडतो. या क्षेत्रातल्या अगदी सुरुवातीच्या अपघातांपैकी एकात रेडिओ निर्दोष निघतो.

* * *

हौशी लोकांची गोष्ट सुरू होते ती १९३७ साली, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कलमझू गावात. वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. वॉल्टरला विमानांचं वेड, विल्यम हौशी रेडिओवाला, म्हणजे ‘हॅम’. एकाने विमान केलं, दुसऱ्याने रेडिओ. विमानाचं नाव ‘बिग गफ’, पंखांचा विस्तार आठ फूट. हे विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. आठ फूट का? कारण त्या काळच्या व्हॉल्व्हवाल्या रिसीव्हरला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत, एक फिलामेंट तापवायला आणि दुसरी जास्त व्होल्टेजची. एवढं ओझं उचलायचं तर विमान मोठंच हवं.

आणि या विमानाचा सगळ्यात मोठा शत्रू विमानाच्या नाकातच बसला होता. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगी म्हणजे काय? हाइनरिख हर्ट्झने जगातल्या पहिल्या रेडिओ लहरी ठिणगीनेच निर्माण केल्या होत्या. म्हणजे रिसीव्हरपासून हातभर अंतरावर, मिनिटाला हजारो वेळा, एक छोटा ट्रान्समीटर कडाकडा बोलत होता, आणि त्या गोंगाटात जमिनीवरून येणारा क्षीण हुकूम ऐकायचा होता. जमिनीवर इंजिन बंद असताना सगळं झकास चाले. इंजिन सुरू केलं की सुकाणू स्वतःच्या मर्जीने हलू लागे. म्हणूनच त्या काळापासून आजतागायत एक नियम आहे: तपासणी एकदा इंजिन बंद ठेवून करायची आणि एकदा चालू ठेवून. दोन्हींत फरक पडला तर दोष आकाशात नाही, विमानात आहे.

हा त्रास रेडिओवाल्याने संपवला नाही, इंजिनवाल्याने संपवला. १९४७ साली रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमच्या तारेचं छोटं वेटोळं. सुरुवातीला बॅटरीने तापवायचं, मग मेथॅनॉलच्या इंधनामुळे ते स्वतःच तापत राहतं. ठिणगी नाही, कॉइल नाही, गोंगाट नाही. एका फटक्यात तक्रारींचा एक आख्खा वर्ग नाहीसा झाला. (पूर्ण नाही. आज मोठ्या मॉडेलांत पुन्हा पेट्रोल इंजिनं आली आहेत, त्यांच्याबरोबर ठिणगीही आली, आणि इग्निशन रिसीव्हरपासून निदान फूटभर लांब ठेवा हा आजोबांच्या काळातला सल्लाही.)

दुसरा शत्रू होता रिले. रिसीव्हरने संदेश ऐकला की रिलेची बारीक पट्टी ओढली जाई आणि सुकाणूचा विद्युतमार्ग पूर्ण होई. पट्टी इतकी हलकी, की इंजिनाच्या थरथरीनेही ती टकटक करत राही. मग लोकांनी रिसीव्हर रबरबँडांवर टांगायला सुरुवात केली, पाळण्यातल्या बाळासारखा. आज रिले नाही, तरी रिसीव्हर फोममध्ये गुंडाळायची सवय टिकली आहे. नवशिक्यांना ती उगाचची काळजी वाटते. तिचं मूळ इथे आहे.

१९३८ साली रेथिऑन कंपनीने आरके-६१ नावाची बोटाएवढी वायुभरित नळी काढली, जिच्यामुळे एकाच नळीत चालणारा हलका रिसीव्हर शक्य झाला. हौशींना ती वरदान वाटली. युद्धात याच तंत्राने शस्त्रं चालवण्याची वाट मोकळी झाली, हेही खरं. पण अशा सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हरचा स्वभाव वाईट होता. त्याचे कान फार मोठे, आजूबाजूच्या वारंवारताही तो ऐके, वर स्वतःही थोडंफार प्रसारण करी. म्हणून मैदानावर एका वेळी एकच विमान हवेत. बाकीचे रांगेत. रांगेतल्या एखाद्याने सवयीने आपला संच चालू करून बघितला, की हवेतलं विमान खाली. ‘रेडिओ गेला’ हे वाक्य तेव्हा शंभर टक्के खरं असे, फक्त कुणामुळे गेला ते सांगायला कुणी पुढे येत नसे.

* * *

सुकाणू हलवायचं यंत्र होतं एस्केपमेंट. पिळलेल्या रबराच्या ताकदीवर चालणारं. बटण दाबलं की सुकाणू एका बाजूला, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला, सोडलं की मध्ये. डावं, मध्य, उजवं, मध्य. अर्धवट वळणं नाही. आणि मुख्य म्हणजे मागच्या वेळी कुठली बाजू झाली होती ते उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

आता विचार करा. विमान लांब गेलंय, हवेत एक भुरटी लहर आली आणि एस्केपमेंट एक घर पुढे सरकलं. उडवणाऱ्याला वाटतंय पुढचं ‘डावं’, विमानाला वाटतंय ‘उजवं’. त्याने डावीकडे वळवायला बटण दाबलं आणि विमान उजवीकडे झाडात. दोष कुणाचा? रेडिओने एकच चूक केली, तीही क्षणभराची. पुढची चूक माणसाच्या स्मरणशक्तीने केली. नंतरच्या एस्केपमेंटमध्ये एकदा दाबलं की नेहमी उजवं, दोनदा दाबलं की नेहमी डावं अशी सोय झाली आणि हा गोंधळ मिटला. रबराचा पीळ संपण्याचा प्रश्न मात्र राहिला. पीळ संपला की रेडिओ ठणठणीत, बॅटरी ठणठणीत आणि विमान बहिरं.

पुढची प्रगती मी भराभर सांगतो. पन्नासच्या दशकात ‘रीड’ आले, पेटीतल्या स्वरपट्ट्यांसारखे, प्रत्येक पट्टी आपल्या सुराला थरथरणारी, म्हणजे एकाच रेडिओवरून अनेक हुकूम. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रपोर्शनल’ आलं, आणि ते आजचं आहे. काडी जेवढी हलवाल तेवढंच सुकाणू हलेल. त्याची भाषा साधी: प्रत्येक सर्व्होला सेकंदाला सुमारे ५० वेळा एक स्पंद. स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असेल तर मध्य, १ च्या जवळ गेला तर एक टोक, २ च्या जवळ तर दुसरं. तुमच्या विमानातला, ड्रोनमधला, कॉलेजच्या रोबोटिक्स प्रोजेक्टमधला छोटा निळा सर्व्हो अजून हीच साठ वर्षांपूर्वीची भाषा बोलतो.

या भाषेत एक मोठा गुण होता, जो तेव्हा दोष वाटे. मधे गोंगाट घुसला की स्पंदाची लांबी चुकायची आणि सर्व्हो टचकन उडायचा. त्याला ‘ग्लिच’ म्हणत. विमान आकाशात उचकी दिल्यासारखं हलायचं. जाणकार माणूस ती उचकी ओळखून लगेच विमान उतरवायचा आणि मग शोध सुरू. रिसीव्हरची अँटेना गुंडाळून ठेवली आहे का? थ्रॉटलच्या धातूच्या दांडीला धातूचीच कडी घासते आहे का? धातूवर धातू थरथरला की रेडिओचा गोंगाट निर्माण होतो, म्हणून तर नायलॉनच्या कड्या आल्या. मागच्या आपटीत क्रिस्टलला बारीक तडा गेला आहे का? क्वार्ट्झची ती चकती दिसायला अखंड असते, टेबलावर चालते आणि थरथरीत दगा देते. निकेल-कॅडमियम बॅटरीची ऋण तार आतून काळी पडली आहे का? बाहेरून इन्सुलेशन नवंकोरं, आत तांब्याऐवजी काजळी. या शेवटच्या दोषाने किती निरपराध रेडिओंना शिव्या खायला लावल्या असतील त्याला गणती नाही.

* * *

पण सत्तरच्या दशकात आकाशच खरोखर बिघडलं.

अमेरिकेत मॉडेलवाल्यांच्या वारंवारता २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होत्या. त्याच पट्ट्यात १९५८ पासून ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे सामान्य माणसाने एकमेकांशी गप्पा मारायचा रेडिओही होता. मॉडेलच्या वारंवारता त्यांच्या चॅनेलांच्या फटींत बसवलेल्या. बरीच वर्षं हे निभावलं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, पाठोपाठ महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ट्रकवाले पोलीस कुठे उभे आहेत, डिझेल कुठे मिळतंय हे एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. बघता बघता आख्ख्या देशाला सीबीचं वेड लागलं. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ वरून ४० झाले. त्यात अनेकांनी बेकायदा अँप्लिफायर बसवलेले. रस्त्यावरून जाणारा ट्रकवाला जेवणाची चौकशी करायचा आणि शेतापलीकडे कुणाचं तरी विमान उलटं व्हायचं. त्याला पत्ताही नाही.

इंग्लंडमध्ये तर सीबी बेकायदाच होता, तरी चोरून आणलेले संच धडाक्यात चालत. सरकारने २ नोव्हेंबर १९८१ ला तो कायदेशीर केला, आणि त्याच सुमारास तिथल्या मॉडेल विमानांना ३५ मेगाहर्ट्झचा वेगळा पट्टा मिळाला. अमेरिकेतली विमानं ७२ मेगाहर्ट्झवर गेली. याला मी तांत्रिक सुधारणा म्हणणार नाही. तो वाटणीचा खटला होता. हौशी लोकांनी संघटना करून, सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून हवेचा एक तुकडा मिळवला.

तुकडा मिळाला, आता घरातल्या घरात भांडणं. अमेरिकेत पुढे ७२ मेगाहर्ट्झवर ५० चॅनेल झाले, क्रमांक ११ ते ६०. दोन विमानं एका चॅनेलवर आली तर दोन्ही, निदान एक तरी, नक्की पडणार. यावर जगभरच्या मैदानांनी जो उपाय काढला तो कुठल्याही इंजिनिअरच्या उपायापेक्षा मला थोर वाटतो: कपडे वाळत घालायचा चिमटा. फळीवर प्रत्येक चॅनेलचा एक चिमटा. आपल्या चॅनेलचा चिमटा काढून ट्रान्समीटरच्या अँटेनाला लावायचा, तरच संच चालू करायचा. चिमटा जागेवर नाही? मग दुसऱ्याचं विमान हवेत आहे, गप्प बसायचं. एक रुपयाची वस्तू आणि सगळ्यांनी पाळलेला शब्द. मी ज्या मैदानावर जातो तिथल्या शेडमध्ये अशी फळी अजून भिंतीला आहे. आता तिच्यावर टोप्या टांगतात.

* * *

ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी ग्लिचवर औषध काढलं: पीसीएम. स्पंदाऐवजी आकडे पाठवायचे, रिसीव्हरने आकड्यांची बेरीज पडताळायची, जुळली नाही तर तो संदेश फेकून द्यायचा आणि सर्व्हो मागच्या जागी धरून ठेवायचा. बराच वेळ काहीच धड आलं नाही तर ‘फेलसेफ’, म्हणजे इंजिन मंद कर आणि ठरलेल्या जागी जा. उचक्या थांबल्या. लोक खूश.

मग मैदानांवर एक नवा वाद सुरू झाला आणि तो वीसेक वर्षं चालला. जुने लोक म्हणत, उचकी हीच तर सूचना होती! आता गोंगाट वाढतोय हे कळतच नाही, विमान गुळगुळीत उडतं, उडतं, आणि एकदम हातातून जातं. मला यात जुन्यांची बाजू पटते. बिघाड लपवणं आणि बिघाड दुरुस्त करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण हेही खरं, की ज्यांच्या डोक्यावरून विमानं जात होती त्यांच्यासाठी फेलसेफ ही मोठीच गोष्ट होती. इंजिन मंद झालेलं विमान पडतं, पण कमी जोराने पडतं.

आणि मग २.४ गिगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह ओव्हन, वायफाय, ब्लूटूथ सगळे जिथे दाटीवाटीने राहतात तो पट्टा. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि त्याच सुमारास मॉडेलसाठीचे पहिले २.४ चे संच बाजारात आले. एवढ्या गर्दीत विमान कसं उडवायचं? एकाच ठिकाणी न बोलता. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त आपल्या जोडीदाराचा ओळखक्रमांक ऐकतो. टेस्लाच्या दोन किल्ल्यांच्या जागी आता किल्ल्यांचा जुडगा, तोही सतत बदलणारा.

या ठिकाणी हेडी लमारचं नाव घ्यायची पद्धत आहे. हॉलिवूडची ही नटी आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी वारंवारता बदलत राहण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं हे खरंच आहे. हेतू होता पाणतीराचं रेडिओ नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये हा, आणि बदल जुळवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोचे छिद्रवाले कागद वापरायचे होते, ८८ वारंवारता, पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या. नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही. समाजमाध्यमांवर तिला ‘वायफायची आई’ म्हणतात ते मात्र अति आहे. आजचं तंत्र बऱ्याच अंशी वेगळ्या वाटांनी आलं. पण प्रश्न तिने नेमका ओळखला होता, कारण एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या शस्त्राचं काय होतं ते लगेच पुढच्या वर्षी दिसलं. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मनांनी ‘फ्रिट्झ एक्स’ या रेडिओवर वळवता येणाऱ्या बॉम्बने ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली, हजाराहून जास्त नौसैनिक गेले. त्यानंतर दोस्तांच्या जहाजांवर त्या वारंवारता बुजवणारे संच चढले. ‘रेडिओ गेला’ हे वाक्य त्या जर्मन बॉम्बफेक्यांनीही म्हटलं असणार.

* * *

२.४ आल्यावर सगळ्यांना वाटलं, चिमटे गेले, ट्रकवाले गेले, आता तक्रार संपली. आणि विमानं पडायला लागली.

ही या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती केस. लक्षणं सारखीच: विमान जोरात वळत असताना, लूप मारताना, एकाएकी हात सुटतो. दोन-तीन सेकंदांनी कधी परत येतो, कधी त्याआधी जमीन येते. ताशी ७० किलोमीटरने जाणारं विमान तीन सेकंदांत सुमारे ५८ मीटर जातं. पडल्यावर तपासलं तर सगळं चालू. लोक म्हणाले, नवं तंत्र कच्चं आहे, जुना ७२ चा संच पाच वर्षं याच विमानात, याच बॅटरीवर निमूट चालला होता.

‘याच बॅटरीवर’ या शब्दांतच उत्तर होतं. जुना रिसीव्हर अडाणी होता. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं तर तो क्षणभर अडखळे आणि लगेच सावरे. नव्या रिसीव्हरमध्ये मायक्रोप्रोसेसर आहे. त्याला ठरावीक व्होल्टेज, साधारण साडेतीन व्होल्ट, लागतंच. चार सेलांची ४.८ व्होल्टची बॅटरी, त्यात ती जुनी, त्यात पाच-सहा ताकदवान डिजिटल सर्व्हो, आणि लूपमध्ये सगळे एकदम जोर लावतात. व्होल्टेज डोळ्याची पापणी लवेपर्यंत खाली जातं आणि परत वर येतं. तेवढ्यात रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, अगदी तुमचा फोन रिस्टार्ट होतो तसा. आणि सुरुवातीच्या रिसीव्हरांना जागं होऊन आपला ट्रान्समीटर शोधायला काही सेकंद लागत. म्हणजे रेडिओ गेला होता हे खरंच. पण हवेतून नाही, पोटातून गेला होता.

तपासणी सोपी आहे. विमान टेबलावर ठेवा, मीटर लावा, दोन्ही काड्या जोरजोरात फिरवा, शक्यतो कुणाला तरी सुकाणूंना हाताने विरोध करायला सांगा आणि आकडा किती घसरतो ते बघा. आमच्याकडचे एक जुने काका हे सगळ्यांना करायला लावतात. परवाच एक मुलगा म्हणाला, “काका, रेडिओ गेला वाटतं.” काका म्हणाले, “आधी बॅटरी मोज बाळा. रेडिओला शिव्या नंतर.” त्याच्या विद्युत विमानात वेगळी बॅटरीसुद्धा नव्हती, मोटरच्याच तीन सेलांच्या लिथियम बॅटरीतून एक छोटा तुकडा व्होल्टेज ५ पर्यंत उतरवून रिसीव्हरला देत होता. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची. साध्या प्रकारच्या तुकड्यात उरलेले ७.६ व्होल्ट निव्वळ उष्णता होतात, म्हणजे सर्व्होंनी एक अँपिअर ओढला की साडेसात वॉट, नखाएवढ्या चिपवर. चिप तापून स्वतःला वाचवायला बंद होते. विमान पडून थंड होईपर्यंत ती पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते.

२.४ चा खरा रेडिओ-दोष वेगळाच आहे. ७२ मेगाहर्ट्झची लहर चार मीटरहून लांब, ती अडथळ्यांना वळसा घालते. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, रिसीव्हरच्या अँटेनाचं कामाचं टोक जेमतेम तीन सेंटिमीटर. तिच्या आड बॅटरी, इंजिन किंवा कार्बन फायबर आलं की सावली पडते. ओली झाडं आणि माणसाचं शरीरही तिला अडवतात. म्हणून दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावायच्या. म्हणून तीस पावलांवरून कमी ताकदीवर तपासणी करताना कुणीतरी विमान हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवायचं असतं. आता बरेच संच विमानातलं व्होल्टेज आणि सिग्नलची ताकद खाली पाठवतात, त्यांची नोंदही ठेवतात. पडल्यानंतर वाद घालण्याऐवजी आलेख बघता येतो. तो आलेख बघून मैदानावर फार शांतता पसरते.

* * *

२००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, ज्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, एक बाल्साचं मॉडेल विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून सोडलं. इंधनासकट पाच किलोच्या आत. ३८ तास ५२ मिनिटांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं, तीन हजारांहून जास्त किलोमीटर. रेडिओ फक्त उड्डाणाला आणि उतरायला होता. मधल्या अटलांटिकवर ते उपग्रहांवरून जागा ओळखत स्वतःच गेलं. हिल आणि ‘बिग गफ’वाले वॉल्टर गुड एकाच जॉन्स हॉपकिन्स प्रयोगशाळेत काम केलेले. गुड यांनी आयुष्यभर विमान आपलं ऐकेल असं बघितलं. हिल यांनी बहुतेक वाटभर ऐकायची गरजच ठेवली नाही.

रेडिओचा प्रश्न सोडवायचा तिसरा मार्ग सगळ्यांत जुना आहे. १९४० च्या आसपास जिम वॉकर यांनी लोकप्रिय केलेली ‘यू-कंट्रोल’ विमानं दोन पोलादी तारांवर उडत, उडवणारा मध्ये उभा आणि विमान त्याच्याभोवती गोल. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग केलेल्यांना कंट्रोल लाइन हा शब्द ओळखीचा असेल. तारेत दुसऱ्याचा आवाज घुसत नाही. गेल्या एक-दोन वर्षांत युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी एकमेकांचा रेडिओ इतका बुजवला, की ड्रोन पुन्हा तारेवर आले. तार आता काचेची, केसासारखी बारीक, कित्येक किलोमीटरचं रीळ ड्रोनच्या पोटाखाली, उडताना मागे उलगडत जाणारं. जॅमर तिचं काही करू शकत नाही. ती झाडात अडकते, ताणली तर तुटते, आणि काम झाल्यावर तिथेच पडून राहते. तिथल्या शेतांची छायाचित्रं मी बघितली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात आख्खं रान कोळ्याच्या जाळ्यासारखं चमकतं.